पितळेच्या बारा कड्या

शेवंतीवहिनीनं पिशवी स्वतःच उलटी केली. तसं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. भाटकरांच्या ओटीवर लाद्या नुकत्याच पुसलेल्या होत्या, त्यावर तिचा जेवणाचा डबा खणकन आपटला आणि झाकण गरगरत खांबापाशी जाऊन थांबलं. मागोमाग एक फणी, मिश्रीची डबी, दोन सुकी लिंबं, घडी केलेलं एक जुनं लुगडं. लुगडंही तिनं झटकून दाखवलं. मग कमरेची चंची सोडून तीही त्या ढिगावर ठेवली.

मी विहिरीपाशी होतो. भाटकरांचा पंप बिघडला होता म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. हातात पाना, कोपरापर्यंत ग्रीस. आवाज ऐकून मी ओटीच्या पायरीशी आलो, तेव्हा हे सगळं पडलेलं होतं आणि त्याभोवती चार माणसं उभी होती. त्यातलं कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी फौजेतून सुटून गावी आलो त्याला दीड वर्ष झालं होतं. सुटलो हवालदार म्हणून, पण खारवेळ गावानं परस्पर मला सुभेदार करून टाकलं होतं. वय बेचाळीस. पेन्शन चालू होती, तब्येत धडधाकट होती आणि दिवसभर करायला काही नव्हतं. पहाटे चारला डोळे उघडत. झाडलेलं अंगण मी पुन्हा झाडायचो. मालती, माझी बायको, म्हणायची की तुम्ही घरात बसलात की मला घर लहान वाटायला लागतं. म्हणून मी कुणाचे पंप दुरुस्त कर, कुणाचं वायरिंग बघ, असं करत हिंडायचो.

आणि माझ्याकडे मशीन होतं. फौजेत मी अठरा वर्षं सुरुंग शोधले. बरोबरचा एक गडी पुढे मस्कतला नोकरीला लागला, त्यानं तिकडून मला धातू शोधायचं एक यंत्र पाठवलं होतं. पाण्यात बुडवलं तरी चालणारं. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, कानाला लावायचं ऐकण्याचं साधन. साधं यंत्र खाऱ्या ओल्या वाळूत नुसतं कुरकुरत राहतं, मिठालाच धातू समजतं. हे तसं नव्हतं. पर्यटक यायला लागल्यापासून आमच्या किनाऱ्यावर कुणाची चेन, कुणाची जोडवी पाण्यात पडायची, आणि दोनतीनदा मी ती काढून दिली होती.

ओटीवरची चार माणसं म्हणजे भाटकर, त्यांची बायको नीलाताई आणि पाहुणे नवरा-बायको, पुण्याचे पोतनीस. भाटकरांनी घराच्या मागच्या चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. शेवंतीवहिनी तिथे झाडलोट आणि स्वयंपाकाला मदत करायची. तिचा नवरा रत्नाकर माझा शाळेतला दोस्त, एका बाकावर बसलेलो आम्ही. तो वेरावळच्या बोटीवर खलाशी होता, वर्षातले आठ महिने बाहेर. मी रजेवर आलो की पहिलं जेवण त्याच्या घरी असायचं. म्हणून ती माझी वहिनी आणि मी तिचा भावोजी.

मृदुलाबाई पोतनीस पन्नाशीच्या असतील. त्यांच्या सासूबाईंची पाचूची अंगठी हरवली होती. जुनी, जड, बोटाला सैल होत होती म्हणून आतून दोरा गुंडाळलेली. सकाळी समुद्रावरून आल्यावर ती काढून खोलीतल्या आरशापुढे ठेवल्याचं त्यांना स्वच्छ आठवत होतं. जेवून उठल्या तेव्हा ती तिथे नव्हती. मधल्या वेळात खोलीत गेली होती एकटी शेवंतीवहिनी, केर काढायला.

त्या बाई आरडाओरडा करणाऱ्या नव्हत्या. हळू आवाजात एवढंच म्हणाल्या की मी कुणावर आळ घेत नाही, पण ती तिथेच होती. आळ न घेता असं म्हटलं की तो जास्तच बसतो.

वहिनीनं एकेक वस्तू परत पिशवीत भरली. झाकण खांबापाशी गेलं होतं, ते माझ्या पायाजवळ. मी ते उचलून द्यायला हवं होतं. हाताला ग्रीस होतं, हे कारण मला त्या वेळी पुरलं. तिनंच वाकून उचललं आणि माझ्याकडे न बघता फाटकाबाहेर गेली.

पोतनीस म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघू, नाहीतर पोलिसात जावं लागेल. भाटकर मान हलवत राहिले. मला ते असह्य झालं. मी विचारलं, समुद्रात उतरला होतात तेव्हाचा एखादा फोटो आहे का. पोतनीसांच्या बरोबर आलेल्या भाच्यानं कॅमेऱ्यात पुष्कळ फोटो काढले होते. तो लहानसा पडदा आम्ही एकेक करून बघितला. एका फोटोत मृदुलाबाई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, लाट अंगावर येतेय म्हणून हात वर केलेला. बोटात हिरवा ठिपका. पुढच्या फोटोत त्या पाण्यातून बाहेर येत होत्या, पण हात पदराखाली.

पाण्यात अंगठी होती हे त्यांनाही कबूल होतं. "पण बाहेर आल्यावर मी ती काढली," त्या म्हणाल्या. "मला दिसतंय ते. आरशात मी स्वतःला काढताना बघितलंय."

मी म्हटलं, तरी एकदा पाणी बघून घेतो.

पौर्णिमेचे दिवस होते, म्हणजे उधाण. आमच्याकडे उधाणाला दुपारी बाराच्या सुमारास भरती आणि सकाळ-संध्याकाळ सुकती, म्हणजे ओहोटी. पाणी खूप लांब मागे जातं. फोटोत मागे जी सुरूची झाडं दिसत होती, त्यांच्यावरून मी जागा पक्की केली. चार बांबू रोवले, दोरी ताणली आणि फौजेत शिकलो तसं पट्ट्यापट्ट्यानं चालायला लागलो. चकती डावीकडून उजवीकडे, पाऊल अर्धं, परत उजवीकडून डावीकडे.

आमच्या वाळूत काळी वाळू मिसळलेली आहे, लोखंडाची. मशीन मधूनच घुमतं, उगाच. खरा आवाज आणि खोटा आवाज यातला फरक कानाला कळायला वेळ जातो. अंधार पडेपर्यंत मला बाटलीची अकरा बुचं मिळाली, जाळ्याची शिशाची वजनं, एक रुपयाची दोन नाणी, सायकलची किल्ली. अंगठी नाही. भाटकर काठावर उभे होते, ते कधी निघून गेले कळलंच नाही.

रात्री मला काही जेवण गेलं नाही. मालतीनं विचारलं, तुम्हाला काय वाटतं, शेवंतीनं घेतली असेल? मी म्हटलं, वेडी आहेस का. ती म्हणाली, मी नाही हो म्हणत, तुम्हाला विचारलं. मी पुन्हा तेच उत्तर दिलं, जरा मोठ्यानं.

पहाटे सुकतीला मी परत पाण्यात. दोरीचा चौकोन दुप्पट केला. सूर्य वर आला, पाणी मागे जायचं थांबलं आणि परत पुढे सरकायला लागलं, तरी माझ्या हाताला काही लागलं नाही. पाय पाण्यात राहून वळत होते. मी स्वतःवरच चिडलो होतो. सुरुंग जिथे पुरलेला असतो तिथेच असतो. तुम्ही नीट चाललात तर तो सापडतो, नाहीतर तुम्ही त्याला सापडता. पण तो जागा बदलत नाही. इथे मी कितीही नीट चाललो तरी ते पुरेसं नव्हतं, आणि का नव्हतं ते मला कळत नव्हतं.

दक्षिणेला आमची खाडी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी एक काळा खडक आहे, बसलेल्या म्हशीएवढा. त्याच्या पलीकडच्या चिखलवाळूत शेवंतीवहिनी तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढत होती. लुगडं वर खोचलेलं, कमरेतून वाकलेली, हाताशी पाटी. भाटकरांकडचं काम सुरू व्हायच्या आधी ती रोजच सुकतीला यायची. त्या दिवशी पुढे काम नव्हतं, तरी आली होती.

मी मशीन खांद्यावर टाकून तिच्याकडे गेलो. तिनं मान वर केली नाही. मी म्हटलं, वहिनी, काल मी काही बोललो नाही ते चुकलंच. ती म्हणाली, त्यात काय. तिनं खुरपी पुन्हा चिखलात रोवली.

"तिथं नाय मिळायची," ती म्हणाली.

"कुठे?"

"तुमी शोधताय तिथं. तिथं पडली असली तरी तिथं नसेल आता."

मी विचारलं, मग कुठे असेल. तिनं मूठभर तिसऱ्या पाण्यात खळबळवल्या आणि पाटीत टाकल्या. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती सरळ उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

"मी जागा सांगायची, आणि तुमी तिथनं काढायची. मग काय म्हणतील? हिला कसं ठावं? हिनंच टाकली. पोलीस येनार म्हनून घाबरून टाकली."

तिचं खरं होतं. ती जागा सांगत नाही तोवर अंगठी मिळत नव्हती, आणि सांगितली तर अंगठी मिळून तीच अडकणार होती. मी तिला शब्द दिला की तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. रत्नाकराची शपथ घेतली.

ती समुद्राकडे वळली. मग खुरपीनं दाखवत सांगायला लागली. भरती उतरताना खाडीचं पाणी बाहेर धावतं, ते सरळ जात नाही, काठाकाठानं वळून या खडकाला अडतं. वाळू हलकी, ती पाण्याबरोबर पुढे जाते. जड जिन्नस खालून घरंगळत येतो आणि खडकाच्या या बाजूला, पाण्यात, शिंपल्यांच्या चुऱ्याचा थर आहे, त्यात बसतो. तिला जाळ्यांची शिसं तिथेच मिळायची. नारळीपुनवेला लोकांनी टाकलेली नाणी मिळायची. गणपती बोळवल्यावर एकदा देवाचा चांदीचा कान मिळाला होता, तो तिनं देवळात नेऊन दिला होता.

"दोनतीन सुकत्या जाव्या लागतात. आज सांजच्याला बगा. खडकापासनं चार पावलं, मांडीएवढ्या पाण्यात. वरची वाळू काढा, चुरा लागला की थांबा."

एवढं बोलून ती परत वाकली.

संध्याकाळी साडेपाचला मी पाण्यात उतरलो तेव्हा काठावर बरीच माणसं जमली होती. भाटकर, नीलाताई, पोतनीस नवरा-बायको, त्यांचा भाचा. पोतनीसांनी निघायची तयारी केली होती, इथून ते थेट तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जाणार होते. लोकांना संशय येऊ नये म्हणून मी आधी जुन्या जागी दहा मिनिटं फिरलो. मग हळूहळू, शोधत शोधत चाललोय असं दाखवत, खडकाकडे सरकलो.

पाणी मांडीएवढं होतं. ओढ एवढी की पाय टेकवून उभं राहायला जोर लागत होता. चकती तळाशी नेली आणि दुसऱ्याच फेरीला कानात स्वच्छ, गोल आवाज आला. काळ्या वाळूची घुमघुम नाही. मी जाळीचं फावडं रोवलं. वरची वाळू निघाली, खाली चुरा करकरला. पहिल्या खेपेला एक शिसं आलं. दुसऱ्या खेपेला जाळीतून पाणी गळून गेलं आणि शिंपल्यांच्या तुकड्यांत अंगठी होती. दोरा सुटून गेलेला. पाचू तसाच.

काठावर अजून कुणाला कळलं नव्हतं. मी ती तळहातावर घेऊन उभा राहिलो. ओरडून सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी मान वळवून खाडीच्या बाजूला बघितलं. शेवंतीवहिनी तिथे होती, पाटी डोक्यावर, घरी निघालेली. तिनं मला बघितलं. अंतर काही फार नव्हतं, पन्नासएक पावलं. मी तिच्याकडे किती वेळ बघत राहिलो कुणास ठाऊक. मग तिनं तोंड फिरवलं आणि चालायला लागली. तेव्हा मी काठाकडे वळून हात वर केला.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. मृदुलाबाई रडल्या. पोतनीसांनी मला मिठी मारली, ओल्या कपड्यांसकट. भाटकर सगळ्यांना सांगत सुटले की फौजी माणूस आहे, जमिनीत काय आहे ते त्याला वासावरून कळतं. तिकडे खडकाशी बघायचं कसं सुचलं, असं भाच्यानं विचारलं. मी म्हटलं, अंदाज. माझा शब्द मी पाळला.

ओटीवर चहा झाला. मृदुलाबाईंनी अंगठी बोटात घातली होती आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत ते बोट धरून ठेवलं होतं. त्यांना शेवंतीवहिनीची माफी मागायची होती. नीलाताई त्यांना घेऊन तिच्या घरी गेल्याही, पण दाराला कडी होती. परत आल्यावर मृदुलाबाई माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि जरा वेळानं म्हणाल्या, "एक सांगू? मला अजूनही आठवतंय. मी ती आरशापुढे काढून ठेवली होती. आत्तासुद्धा डोळ्यांसमोर दिसतंय मला."

पोतनीस हसले. म्हणाले, तिचं हे नेहमीचंच, गॅस बंद केल्याचंही तिला असंच आठवतं. सगळे हसले. मीही हसलो.

सकाळी ते निघून गेले. तालुक्याच्या एका छोट्या वर्तमानपत्रात माझा फोटो आला, मशीन हातात घेतलेला. अलिबागकडून, वेंगुर्ल्याकडून फोन यायला लागले. शेवंतीवहिनी भाटकरांकडे परत कामाला गेली नाही. नीलाताई दोनदा बोलवायला गेल्या. तिनं त्यांना बसायला पाट दिला, चहा दिला आणि आता तिसऱ्याच विकायच्या ठरवल्यात म्हणून सांगितलं.

मला मात्र घरात बसवेना. पूर्वीही बसवत नसे, पण हे वेगळं होतं. रात्री डोळा लागला की खडकापासून चार पावलं, मांडीएवढं पाणी, हेच. दुसऱ्याच फेरीला मिळाली होती. दुसऱ्याच. अठरा वर्षं मी हे काम केलं होतं, इतकं नेमकं कधी काही मिळालं नव्हतं. दुपारी जेवताना मी अचानक मालतीला विचारलं की पितळेच्या कड्या कुठे मिळतील, पडद्याच्या असतात तशा. तिला वाटलं, मी दाराला पडदा करतोय.

दापोलीच्या हार्डवेअरच्या दुकानातून मी बारा कड्या आणल्या. जाड, भरीव. सोन्याएवढ्या जड नव्हत्या, पण त्यातल्या त्यात बऱ्या. प्रत्येकीवर कानशीनं एक खाच पाडली. पंधरा दिवसांनी अमावास्येचं उधाण आलं तेव्हा भर दुपारी, भरतीच्या वेळी, मी सुरूच्या त्या झाडांसमोर कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिलो आणि बाराच्या बारा कड्या एकेक करून पाण्यात सोडल्या. किनाऱ्यावर कुणी नव्हतं. निदान मला कुणी दिसलं नाही.

तीन सुकत्या मी थांबलो. ते दीड दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. मालतीला सांगितलं, मशीनची चाचणी घेतोय. तिसऱ्या सुकतीला संध्याकाळी मी खडकाशी उतरलो. पाऊण तासात सात कड्या मिळाल्या. सगळ्या त्या चुऱ्याच्या थरात, खडकापासून तीन ते सहा पावलांत.

मी खडकाला टेकून उभा राहिलो. वाटलं होतं की हायसं वाटेल. पण मी तिथेच, पाण्यात, ओकलो.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास शेवंतीवहिनी आमच्या दारात आली. मालती बाजारात गेली होती. मी ओटीवर मशीनच्या जोडण्या पुसत बसलो होतो. तिनं पाटी खाली ठेवली, त्यातल्या तिसऱ्यांवरचं ओलं फडकं बाजूला केलं आणि कनवटीचं काहीतरी काढून माझ्यापुढे ओटीवर मांडलं. तीन पितळी कड्या. खाचेची बाजू वर केलेली.

"पाटीत आल्या," ती म्हणाली. "तुमच्याच ना?"

मी मान हलवली.

"अवसेच्या दुपारी तुमी पानी अंगावर घेत उभे होतात, मी पलीकडनं बघितलं. काय टाकताय कळना. म्हटलं कायतरी नवस असेल." तिनं एक कडी बोटानं सरळ केली. "किती टाकल्या होत्या?"

"बारा."

"मिळाल्या किती?"

"सात. तिथेच. तुम्ही सांगितलं होतं तिथेच."

"मग झाली खात्री?"

मी म्हटलं, वहिनी, झाली. मी घाईघाईनं सांगायला लागलो, की मी कुणापाशी अवाक्षर बोललेलो नाही, तुमचं नाव कुठेही निघालेलं नाही, मालतीलासुद्धा माहीत नाही. तिनं ते सगळं ऐकून घेतलं.

"त्या बाईची न माझी वळख नव्हती," ती म्हणाली. "तिचा जिन्नस गेला, तिला संशय आला, तिचं मी मनावर घेतलं नाय. पिशवी दाखवली न आले घरी. तुमी माझ्या हातचं जेवलात, भावोजी. वीस वर्षं."

मी खाली त्या तीन कड्यांकडे बघत होतो.

"त्या दिवशी पान्यात तुमी माझ्याकडे बघितलंत, तवाच कळलं मला. म्हटलं, येतील. येऊन विचारतील. घरी गेले न दाराला कडी लावून बसले. ती बाई आली तर मी कडी काढली नाय, पन तुमी आला असतात तर काढली असती. दुसऱ्या दिवशी पन वाट बघितली." तिचा आवाज चढला नव्हता. "विचारलं असतंत, वहिनी, तुमी घेतली होतीत का, तर मी नाय म्हटलं असतं न आपलं तिथंच मिटलं असतं. तुमी मला नाय विचारलंत. समुद्राला जाऊन विचारलंत."

तिनं फडकं परत तिसऱ्यांवर ओढलं, पाटी उचलली. मला उठून ती तिच्या डोक्यावर चढवून द्यायची होती, पण तिनं माझी वाट बघितली नाही. फाटकापाशी मालती तिला भेटली. दोघी जरा वेळ बोलल्या, मालतीनं शेरभर तिसऱ्या घेतल्या. संध्याकाळी त्याची आमटी झाली. मालतीनं विचारलं, काय झालंय तुम्हाला, जेवत का नाही. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, मी त्या रात्री विचारलं तेव्हा तुम्ही माझ्यावर ओरडला होतात.

त्यानंतर दीड वर्ष मी खाडीकडची वाट सोडली. देवळात जायचं तर वरच्या आळीतून वळसा घालून जायचो. रत्नाकर गणपतीला आला, त्यानं जेवायला बोलावलं, मी ताप आल्याचं सांगितलं. त्याला तिनं काही सांगितलेलं नव्हतं, ते त्याच्या बोलण्यावरून कळलं. तो म्हणाला, तुझ्यामुळे माझ्या बायकोवरचा आळ गेला. हे ऐकून घेणं सगळ्यांत कठीण होतं.

फोन येत होते, मी जात होतो. हर्णैला एकीची मोहनमाळ काढून दिली, आंजर्ल्याला नवऱ्या मुलाची साखळी. प्रत्येक ठिकाणी मी आधी काठावर जाऊन बघायचो की पाणी कुठून येतं आणि कशाला अडतं. माझं नाव झालं होतं. लोक विचारायचे, हे तुम्ही फौजेत शिकलात का. पहिल्या काही वेळा मी हो म्हटलं.

मग एका ऑक्टोबरात, दसरा झाला होता, मी सकाळी घराबाहेर पडलो आणि वरच्या आळीला वळलो नाही. सरळ खाडीवर गेलो. वहिनीच्या घरापुढे अंगणात ती तिसऱ्यांचा ढीग मांडून बसली होती. मी कुंपणापाशी उभा राहिलो. तिनं बघितलं आणि काम चालू ठेवलं.

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही सांगितलेल्या जागेवर अंगठी मिळाली, तेव्हा मला वाटलं तुम्हीच ती टाकली. मला तसं वाटलं. ते तुमच्या तोंडावर सांगायला आलोय."

एवढं वाक्य मी दीड वर्ष घोकत होतो. बोलून झाल्यावर मला पुढचं काही माहीत नव्हतं. पाय आपोआप परत फिरायला लागले होते.

"उभे का," ती म्हणाली. "बसा."

मी अंगणात, मातीतच बसलो. भावोजी म्हणाली नाही. परत कधीच म्हणाली नाही ती. पण अर्धा ढीग हातानं माझ्याकडे लोटला.

"उघड्या राहिल्यात त्या टिचकी मारून बगा. मिटली तर जिती, पाटीत. नाय मिटली तर टाकून द्या."

मी एक उचलली, टिचकी मारली. शिंपला हळूच मिटला. ती पाटीत टाकून मी दुसरी घेतली. ऊन अंगणाच्या मधोमध येईपर्यंत आम्ही निवडत होतो, आणि मला एकदाही उठावंसं वाटलं नाही.